वरलं मीटर

आमच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण दर महिन्याला त्यांच्या नावानं एक कागद घरी येतो आणि आई तो दोन्ही हातांनी घेते. लाइटचं बिल. नाव बदलून घे म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. आई म्हणते, "राहू द्या. 'श्री' लावून त्यांचं नाव छापणारं आता तेवढंच एक उरलंय." मी गप्प बसते, आणि मी गप्प बसणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

घर लातूरचं, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीतलं. वडील आणि काका दोघं भाऊ आडत दुकान एकत्र चालवायचे आणि घरही एकावर एक बांधलेलं, खाली आम्ही, वर काका-काकू. दोघं भाऊ गेले, पोरं पांगली. मला नांदेडला दिलं, तिथं मी शाळेत गणित शिकवते. चुलतभाऊ पुण्याला. मागं राहिल्या दोघी जावा, खाली आई, वर काकू. काकू उदगीरकडची, भस्माची बोटं कपाळावर अशी ठसठशीत की लांबून ओळखू यावी. ती आईला 'आक्का' म्हणते आणि आई तिला 'धाकटे' म्हणते, आता दोघींचेही केस सारखेच पांढरे झाले तरी.

उन्हाळ्यात दुपारची जेवणं झाली की काकू जिना उतरून खाली यायची. आईच्या कूलरसमोर चटई टाकून दोघी आडव्या व्हायच्या आणि मग अख्ख्या गल्लीचा पंचनामा. भांडायच्याही. पण चहा उकळेपर्यंत भांडण आणि गाळला की मिटलं, असा हिशोब होता.

आता आईच्या बोलण्यातली एक खोड सांगते. तिचं माहेर कंधारकडचं. तिथं नदी-ओढ्याचं पाणी मावळतीकडून उगवतीकडं वाहतं, म्हणून मावळतीची बाजू ती 'वरली' आणि उगवतीची 'खालली'. वरलं शेत, खाललं शेत, वरलं वारं. लग्न होऊन इतकी वर्षं लातुरात राहिली, पण जिभेवरचं कंधार काही गेलं नाही. माझे यजमान लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा आई म्हणाली, "जावईबापू, तेवढा वरला डबा घ्या बरं." ओट्यावर दोन डबे शेजारीशेजारी ठेवलेले. हे बिचारे स्टूल आणून वरच्या फळीवर चढले आणि पापडाचं टोपलं डोक्यावर पाडून घेतलं. आमच्याकडं अजून हा किस्सा सांगतात आणि ते अजून हसत नाहीत.

तर गल्लीत स्मार्ट मीटरं आली संक्रांतीच्या तोंडावर. बसवणारी माणसं बाहेरगावची, घाईत. आमची दोन्ही जुनी मीटरं ओसरीच्या भिंतीवर शेजारीशेजारी, आणि दर दिवाळीला रंगाचा हात फिरून फिरून त्यांच्यावरचे नंबर पार बुजलेले. त्यांनी आईला हाक मारून विचारलं, यातलं कुठलं कुणाचं? आई पोळ्या लाटत होती. तिनं आतूनच सांगितलं आणि त्यांनी हातोहात नवीन मीटरं बसवली. गल्लीत चर्चा सुरू झाली की हे मीटर लई हुशार आहे. मी फोनवर म्हणाले, "आई, हुशार पोरांचा मला अनुभव आहे. नीट लक्ष ठेव." गंमत म्हणून म्हणाले होते.

थंडीचे दिवस होते, पंखे बंद, दोन्ही घरांची बिलं सारखीच आली. कुणाला काही कळलं नाही.

मग महाशिवरात्रीला चुलतभाऊ पुण्याहून आला आणि काकूच्या खोलीत एसी बसवून गेला. काकूला एकच धास्ती, बिलाची. त्यानं तिला एसीच्या डब्यावरच्या वीजबचतीच्या चांदण्या दाखवल्या, म्हणाला, आई, हा पाच चांदण्यांचा एसी आहे, हा लाइट खातच नाही. आणि खरंच, पुढच्या महिन्यात काकूचं बिल आलं ते पहिल्यापेक्षा तिळभरही वाढलेलं नाही. अय्यो शिवा! काकूचा आनंद काय विचारता. गल्लीभर सांगत सुटली. जेवण झालं की वर एसी लावून गाढ झोपायची. खाली येणं बंद.

आणि त्याच महिन्यात आईचं बिल तिप्पट.

आईनं मला फोन केला. ती रागात असली की आधी माझीच चौकशी करते, तब्येत, जेवण, सासूबाई. मग म्हणाली, "अन् तुझ्या वडिलांच्या नावानं हे काय पाठवायलेत बघ." मी बिलाचा फोटो मागवला आणि एकेक ओळ फोनवर समजावू लागले. स्थिर आकार म्हणजे वापरा-न वापरा, द्यायचाच. "म्हणजे जावई," आई म्हणाली. यजमान शेजारी चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला. वहन आकार म्हणजे वीज वाहून आणायचे पैसे. "डोक्यावर आणायलेत का?" मग मी दराचं कोष्टक काढलं. पहिल्या शंभर युनिटांना दर हलका, त्यापुढं चढा, आणखी पुढं आणखी चढा. इथं आडत्याची बायको जागी झाली. "जास्त माल उचलला की भाव वाढवायचा? असला धंदा तुझ्या वडिलांनी केला असता तर गिऱ्हाइकानं पेढी उचलून टाकली असती!"

पण युनिटंच एवढी कशी झाली, ते त्या कागदावर कुठंच नव्हतं. मी म्हटलं, वापर कमी करून बघ. हे मी म्हणायला नको होतं. आईनं वापर कमी करायचा म्हणजे जप्ती आणल्यासारखा केला. कूलर बंद. टीव्ही बंद. फ्रीज दिवसा बंद, दूध नासलं तर नासलं. देवघरातला इवलासा लाल दिवा, तोसुद्धा. संध्याकाळी ओसरीत अंधारात बसून हातपंख्यानं वारा घ्यायची. लातूरच्या एप्रिलात! आणि पुढचं बिल त्याहून मोठं.

काकूचं बिल मात्र आणखी कमी. ती जिन्यातून वाकून सांगायची, "आक्का, पंख्याला लई लाइट लागतो हो. एसी घ्या." आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती सोमवारी महादेवालाही एकटीच गेली. ज्या बायका तीस-चाळीस वर्षं बेलाची एक पिशवी दोघींत नेत होत्या, त्या आता वेगवेगळ्या पिशव्या नेऊ लागल्या.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तशी मी पहिली बस धरून लातूर गाठलं. आई बारीक झाली होती. कोपऱ्यात कूलर, त्यावर चादर. माझं डोकंच फिरलं. वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन मी अर्ज दिला, मीटर पळतंय, तपासा. साधा अर्ज नाही, दोन पानं, मुद्देसूद, परिच्छेद पाडून. तिथला साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिक्षिका का?" म्हटलं, "हो." "वाटलंच." पण माणूस बरा होता. त्यांनी मीटर तपासलं आणि सांगितलं की मीटर ठणठणीत आहे, जेवढी वीज जाते तेवढीच मोजतंय.

मीटर खरं बोलतंय, आई खरं बोलतेय, मग खोटं कोण? हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला नाही. आईनं विचारला. तिनं मान वर करून छताकडं पाहिलं, छतावर एसीची घरघर चालू होती, आणि ती म्हणाली, "तरी मी म्हणते, चांदण्यांवर काय एसी चालतोय व्हय?"

"आई, काहीतरीच काय! काकू आहे ती."

"मग दाखव मला, माझी लाइट जायली कुठं."

हे मात्र सोपं होतं. मी मेन स्विच खाली ओढला. आमचं घर बंद, पंखा थांबला, एक दिवा नाही. ओसरीत जाऊन बिलावरचा नंबर जुळवून पाहते तर आईच्या मीटरवरचा लाल दिवा टिकटिक टिकटिक लुकलुकतोय. घरात काहीच चालू नाही आणि मीटर चालू! आई भिंतीला टेकून खालीच बसली. मला म्हणाली, "बघ. आपल्याच माणसानं."

पुढचं मी फार विचार करून केलं असं नाही. मी दोन-दोन पायऱ्या घेत जिना चढले, काकूचं दार ढकललं आणि काय काय बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. तार ओढलीय, आमच्या मीटरवर एसी चालवतेयस, माझी आई अंधारात बसते आणि तू इथं पांघरूण घेऊन झोपतेस! काकू उठून बसली. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "मी? मी चोर?" एवढंच म्हणाली, आणि तरातरा जाऊन तिनं आपला मेन स्विच खाड्कन ओढला. "घे. बंद. आता सांग."

खालून आई ओरडली, "थांबलं गं! माझं मीटर थांबलं!"

झालं. एवढा पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही. मी काकूकडं बघितलं, काकूनं माझ्याकडं. ती जिना उतरून ओसरीत गेली, मागं मी. आई उभी होती. दोघींनी तोंडाचे पट्टे सोडले. कोण हिस्सा जास्त घेऊन गेलं इथपासून ते कुणाच्या लग्नात कुणाला साडी हलकी नेसवली इथपर्यंत. शेवटी आई बोट आभाळाकडं करून म्हणाली, "आजपासून तुझ्या जिन्याला माझा पाय लागणार न्हाई. आता मी वर जाईन ती एकदाच, सरळ वर!" आणि आत जाऊन तिनं आपला मेन स्विच धाड्कन चालू केला. चादर फेकून कूलर पण लावला. म्हणाली, आता का म्हणून उकाड्यात बसू?

काकू ओसरीतच उभी होती, भिंतीकडं तोंड करून. तिला रडताना कुणी बघू नये म्हणून. आणि भिंतीवर तिच्या नाकासमोर तिचं स्वतःचं मीटर.

"आक्का," ती एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बाहेर या. माझ्या घरात अंधार हाय. अन् माझं मीटर चालायलंय. आता चोर कोण?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणायला आई तोंड उघडत होती, पण दिवा खरंच लुकलुकत होता. मी कूलर बंद केला, दिवा मंदावला. लावला, दिवा पळू लागला. मग वर धावत जाऊन काकूचा मेन स्विच चढवला, एसी लावला, तसं आईचं मीटर पळू लागलं. गणिताची बाई मी, आणि एवढं साधं समीकरण जिना चढउतार करून सुटलं! खालच्या घराची वीज काकूच्या बिलावर, वरच्या घराची आईच्या बिलावर. आई इकडं पंखा बंद करायची आणि बिल कमी व्हायचं काकूचं. दूध नासलं आईचं, चांदण्या उजळल्या काकूच्या.

"पण अदलाबदल झालीच कशी?" मी म्हटलं. "मीटरवाल्यांना कुणी सांगितलं होतं?"

"मी सांगितलं की," आई म्हणाली. "काय चुकीचं सांगितलं? वरलं आमचं, खाललं धाकटीचं."

मी भिंतीकडं बघितलं. आईचं जुनं मीटर मावळतीच्या अंगाला होतं, काकूचं उगवतीच्या. वरलं आईचं, खाललं काकूचं, अगदी बरोबर. आणि ते बाहेरगावचे बापडे, त्यांनी बघितलं असणार की एका मीटरची वायर जिन्याच्या बाजूनं वरच्या मजल्यावर गेलीय. ही आजी वर राहते, असं समजून त्यांनी त्या वायरीवर वडिलांच्या नावाचं मीटर चढवलं आणि चालू लागले. माझे यजमान एकदा फळीवर चढले तसेच!

मला हसू फुटलं. त्या दोघींना नाही. चोर हा शब्द एकदा तोंडातून गेला की मागं घेता येत नाही, आणि आई तर मागं घेणारी बाईच नव्हे. काकू वर गेली. दार लावल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून एसीचा आवाज मात्र आला नाही.

साहेबानं दुरुस्तीची वाट सांगितली. ज्यांचं बिल कमी आलं होतं त्यांनी येऊन तसं लिहून दिलं तर काम लवकर होईल, मागचा फरकही इकडचा तिकडं वळवता येईल. म्हणजे काकूनं स्वतःच्या पायानं येऊन सांगायचं की माझं बिल वाढवा. आणि हे मागायचं कुणी? जिनं तिच्या दारात जाऊन तिला चोर म्हटलं तिनं. मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. आई म्हणाली, "जाऊ दे. भरते मी. पण तिच्यापुढं पदर पसरणार न्हाई." म्हणाली खरं, पण दुपारी चटई टाकताना तिनं सवयीनं दोन उशा टाकल्या आणि मग एक उचलून ठेवली. बिल गेलं खड्ड्यात, असं वाटलं. या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत तर या घरात दोन म्हाताऱ्या वर-खाली एकेकट्या राहतील, आणि मी नांदेडात बसून काय करू शकणार आहे?

एका सकाळी काकू आपणहून उतरली. इरकल नेसलेली, कपाळावर ताजं भस्म. मला म्हणाली, "रिक्षा बोलाव. आक्काला पण घे." रिक्षात मी मधे आणि दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत. ऑफिसात काकूनं सही केली, वळणदार, पूर्ण नावाची. साहेबानं विचारलं, "आजी, तुमचं बिल वाढणार आहे. समजलं ना?"

"समजलं. यांच्या पैशावर गार झोपले, ते देते," काकू म्हणाली. "पण यांनी मला चोर म्हटलं. ते किती होतंय तेवढं बिलातनं वजा करा."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आजी, त्याला आमच्याकडं रकाना नाही हो."

"मग माझ्याकडं द्या," आई मागून म्हणाली. "ते मी भरते." एवढंच बोलली, आणि पदराच्या टोकानं डोळे पुसत बाहेर जाऊन रिक्षात बसली.

परत येतानाही मी मधे आणि दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत. दुसऱ्या दिवशी मला नणंदेच्या घरच्या लग्नासाठी नांदेडला परतावं लागलं. मीटर दुरुस्त झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं, काकूचं विचारलं की विषय बदलायची. लग्नात अक्षता टाकतानाही माझं मन लातुरात होतं.

लग्न उरकलं तशी मी न कळवताच निघाले. लातूरला उतरले तेव्हा टळटळीत दुपार होती, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं. कूलर बंद, त्यावर पुन्हा चादर. चटई गुंडाळून कोपऱ्यात. आई नाही. मोरीत भांडी घासणारी बाई होती, तिला विचारलं, "आई कुठंय?"

तिनं राखेचा हात तसाच ठेवून सांगितलं, "आक्का व्हय? वर गेल्या की."

मला एकदम ते आठवलं. आभाळाकडं रोखलेलं आईचं बोट, सरळ वर, एकदाच. पिशवी हातातून पडली. ती बाई घाबरून म्हणाली, "अवो ताई, वर म्हंजे वर! माडीवर! रोजच जायल्यात."

जिना कसा चढले मला माहीत नाही. काकूचं दार उघडलं. आत गारेगार अंधार, एसीची घरघर, आणि जमिनीवर आईची चटई. तिच्यावर दोघी जावा, मधे पाणी प्यायचा एकच तांब्या, दोघींच्या अंगावर मिळून एक सोलापुरी चादर. काकू घोरत होती. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि मला रडूच फुटलं.

आईनं एक डोळा उघडला.

"दार लाव आधी. गार हवा चालली सगळी. बिल काय तुझा बाप भरणार हाय?"

घोरणं थांबलं. डोळे न उघडता काकू म्हणाली, "भरायलेत की, आक्का. अर्धं भावजींच्याच घरनं येतंय."

"झोप गं धाकटे," आई म्हणाली आणि सरकून दोघींच्या मधे माझ्यासाठी जागा केली. तांब्या तेवढा वरल्या अंगाला ठेव म्हणाली. मी दार लावलं, तांब्या मावळतीकडं सरकवला आणि आडवी झाले.